माझ्याकडून राहिलं

रसायनीतल्या मोहोपाड्यात आमचं घर रस्त्याला लागून होतं. रात्री टँकर दांड फाट्याकडे निघाले की भांड्यांची मांडणी थरथरायची. भरलेला टँकर कोणता आणि रिकामा कोणता, हे मी अंथरुणातून आवाजावर ओळखायचो. टाटांच्या खोपोली वीजघरातून सुटणारं पाणी पाताळगंगेला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं. त्या पाण्याच्या भरवशावर इथे कारखाने आले. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सला आम्ही नुसतं 'एचओसी' म्हणायचो. वडील एका कंत्राटदाराकडे पिंपं चढवायच्या कामावर होते.

1987 मध्ये मी दहावी जेमतेम पास झालो. नातेवाइकांचं एकच म्हणणं, कुठेतरी हेल्पर म्हणून चिकटवून टाका. वडील म्हणाले, "चढवणारे पुष्कळ आहेत. पण गाडी बंद पडली की शेठपासून हमालापर्यंत सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात, तो एकच असतो." त्या एका वाक्यावर मी आयटीआयचा फॉर्म भरला. ट्रेड मेकॅनिक डिझेल, मुदत एक वर्ष.

पुढे पस्तीस वर्षं याच धंद्यात काढली. काय शिकलो हे कोणी विचारलं तर सांगता येतं. ते शिकताना जी नासधूस केली, तिचे पैसे कोणी भरले, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून तेच सांगतो.

आयटीआयत पहिले काही आठवडे इंजिनाला हात लावू देत नाहीत. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानस मारत बसायचं. काटकोन साधला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आम्ही वैतागायचो. आमचे निदेशक सर शांतपणे म्हणायचे, "इंजिन नंतर. आधी मनगट." मग फीलर गेज आलं, मायक्रोमीटर आला. सरांनी फळ्यावर टाटाच्या 697 इंजिनाचा हिशेब मांडला. सहा सिलिंडर, बोअर 97 मिलिमीटर, स्ट्रोक 128. घनफळ काढा म्हणाले. गणितात कायम नापासाच्या काठावर असलेल्या मला 5675 सीसी हे उत्तर बरोबर आलं आणि इंजिनाच्या नावातला 97 म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4 आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. कोंडलेली हवा दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा आपोआप पेटावा, एवढंच त्याचं मर्म. हे पाठ होतं. दाब म्हणजे काय, हे हाताला ठाऊक नव्हतं.

ते कळलं हेड बसवताना. हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे असतात आणि शेवटी टॉर्क पाना लावायचा असतो. सर दुसऱ्या बॅचकडे गेले होते. टॉर्क पाना कोणाच्या तरी हातात होता. मी साध्या पान्याच्या दांड्याला पाइप अडकवला आणि सगळं अंग टाकलं. कट्ट असा आवाज आला. स्टड ब्लॉकच्या तोंडाशीच तुटला होता. वर धरायला काहीच उरलं नव्हतं.

सर आले, वाकून पाहिलं. "कोणावर जोर काढत होतास रे?" एवढंच म्हणाले. सुटीची घंटा झाली, मुलं गेली. सरांनी तुटक्या स्टडच्या बरोबर मध्यावर पंच मारला, हँड ड्रिलने भोक पाडलं, उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर त्यात फिरवला. अंधार पडला तेव्हा तुकडा बाहेर आला. ब्लॉकचे आटे शाबूत होते. नवा स्टड त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने आणला, कारण सरकारी खरेदीचा कागद फिरेपर्यंत आमची बॅच पास होऊन गेली असती. माझ्या जॉबच्या वहीत त्यांनी सही केली आणि टॉर्क पाना माझ्या हातात देऊन तोच नट मलाच आवळायला लावला. ती माझ्या डोक्यावरची पहिली उधारी.

सर्टिफिकेट हातात आलं आणि मी दांड फाट्याजवळच्या एका गॅरेजात लागलो. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा, जमिनीत एक खड्डा. उस्ताद उत्तर प्रदेशातून आलेले होते. शाळा पाहिली नव्हती, पण सायलेन्सरच्या धुराकडे बघून निदान सांगायचे. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी बघा. माझं सर्टिफिकेट त्यांनी उलटसुलट पाहून परत दिलं. "ठीक आहे बेटा. आता हात दाखव."

वर्षभराने त्यांनी मला एक इंजिन पूर्ण बांधायला दिलं. नवे लायनर, नवे पिस्टन. उत्साहाच्या भरात मी दोन पिस्टनवरच्या रिंगा उलट्या चढवल्या. रिंगेच्या एका अंगाला 'टॉप' असं बारीक कोरलेलं असतं, ती बाजू वर यायला हवी. उलटी बसली की रिंग ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ढकलते. गाडी सुरू झाली, चार चकरा मारून आली आणि तिच्या मागे निळा धूर. मालक उभा होता. माझे पाय गळाले. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मालकाला म्हणाले, "शेठ, माझ्याकडून राहिलं. सकाळी गाडी घेऊन जा."

त्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात आम्ही दोघांनी इंजिन पुन्हा खोललं. हेड काढलं, खालचं चेंबर काढलं, पिस्टन वर ओढून घेतले. रिंग फिरवून 'टॉप' शोधताना उस्ताद मला प्रत्येक वेळी नख त्या अक्षरांवरून फिरवायला लावत होते. डोळा फसतो, नख फसत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. नवं गॅस्केट, नवं ऑइल, रात्रभराची मजुरी. बिलात काहीच आलं नाही, माझ्या पगारातूनही काही कापलं नाही. आजही रिंग हातात आली की माझं नख आधी तिच्यावरून फिरतं.

तिसरी उधारी माण-खटावकडच्या एका ड्रायव्हरची. त्यांच्या ट्रकच्या मागच्या ब्रेकला नवे लायनर मारले होते आणि ॲडजस्टमेंट मी केली होती. ब्रेक दाबलेला नसताना लायनर आणि ड्रम यांच्यात थोडी फट लागते. मी एका चाकाला ती ठेवलीच नाही. माल भरून गाडी पुण्याकडे निघाली. तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता, सगळी वाहतूक खोपोलीवरून जुन्या बोरघाटाने. घाट चढताना त्यांना लायनर जळाल्याचा वास आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, ड्रम निवायला दोन तास थांबले आणि स्वतः पाना घेऊन ब्रेक ढिला केला.

चार दिवसांनी ते परतले. उस्तादांसमोर चकार शब्द काढला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, चढ होता म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला तू माझ्याबरोबर चल."

गेलो. चढताना शिंगरोबाच्या देवळाशी त्यांनी नाणं टाकलं. इंग्रजांना या घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि त्याबद्दल त्याला जीव गमवावा लागला, अशी आख्यायिका आहे. त्याचंच हे देऊळ. परतीला, माल भरलेला असताना, खंडाळ्याला थांबून त्यांनी हवेच्या दाबाचा काटा मला दाखवला. "ज्या गिअरात चढतो, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक फक्त मदतीला." तापलेला लायनर ड्रमला नीट धरत नाही. पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. सेकंडमध्ये गुरगुरत आम्ही उतरत होतो, डाव्या अंगाला दरी होती आणि माझं लक्ष फक्त मागच्या चाकांकडे होतं. खोपोलीला उतरल्यावर त्यांनी मला ड्रमजवळ हात न्यायला सांगितला. कोमट होता. "त्या दिवशी इथे पाणी मारलं असतं तर चर्र झालं असतं," ते म्हणाले. ब्रेकखाली माणूस असतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

1989 साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि रस्त्यावर ट्रेलर वाढले. 2002 पर्यंत एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि घाटातली गर्दी वाटली गेली. एचओसीचा रसायनीचा कारखाना बंद करायचं 2017 साली दिल्लीत ठरलं. मी तोवर स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. सर गेले. उस्ताद गावी परतले. ते ड्रायव्हर नंतर कधी या रस्त्याला दिसले नाहीत. तिघांपैकी एकाचीही उधारी फेडणं मला जमलं नाही.

आता आयटीआयची पोरं माझ्याकडे येतात. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 झाल्या. पूर्वी नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडायचा, आता कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर असतो. धुरावरून निदान करायची सोय राहिली नाही, कारण धूर दिसतच नाही. सायलेन्सरमध्ये युरियाचा फवारा मारतात आणि बिघाड स्कॅनरवर वाचायचा असतो. धुळीचा एक कण इंजेक्टर घालवतो आणि एका इंजेक्टरची किंमत ऐकून घाम फुटतो. चूक जितकी महाग, तितकी पोरांना गाडीपासून लांब ठेवायची रीत वाढली आहे. पोरगं वर्षभर चहा आणतं, पार्ट धुतं, झाडू मारतं, आणि शेवटी त्याला 'अनुभव' असा शिक्का मिळतो. शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनातला काही वाटा सरकार उचलतं, हे चांगलंच आहे. पण तुटलेल्या स्टडचा वाटा कुठल्याच योजनेत धरलेला नसतो. तो कोणाला तरी आपल्या खिशातून उचलावा लागतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडच्या पोराने सेन्सरचा कनेक्टर ओढून तोडला. त्याचा चेहरा मी पाहिला आणि तो चेहरा मला ओळखीचा वाटला. गाडीमालकाला मी सांगितलं, "माझ्याकडून राहिलं." नवा कनेक्टर आणला आणि तो त्यालाच बसवायला लावला.

गॅरेजवाल्या माझ्या भावांनो, पोरांच्या हातात पाना द्या. काही मोडलं तर ते त्यांच्या पगारातून कापू नका. तुमचंही कोणीतरी कापलं नव्हतं.