सफरचंदांचे खाते

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, स्टुटगार्टपासून काही अंतरावर, श्वाबियन आल्ब नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी बाड उराख हे गाव वसले आहे. वस्ती सुमारे बारा हजार. एर्म्स नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात मधोमध फरसबंद चौक, चौकात जुने दगडी कारंजे आणि भोवती लाकडी चौकटींची, उतरत्या छपरांची घरे. जवळच सरदार-राजांचा जुना वाडा. उन्हाळ्यात पर्यटक येतात, ३७ मीटरवरून कोसळणारा धबधबा पाहतात आणि परततात. गावाचा खरा स्वभाव मात्र सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दिसतो. डोंगरउतारावरची बीचची जंगले तांबूस-सोनेरी होतात, सकाळी खोऱ्यात धुके साचते आणि गावाखालच्या उतारांवर सफरचंदे वेचण्याची लगबग सुरू होते.

ही सफरचंदे मोठ्या बागायतदारांची नसतात. गवताळ उतारावर विरळ उभी असलेली उंच, जुनी झाडे अनेक कुटुंबांत वाटली गेलेली आहेत. जर्मनीच्या काही प्रांतांत सारी शेती एकाच वारसाकडे जात असे. जुन्या व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र ती सर्व मुलांत सारखी वाटण्याची रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत जमिनीच्या अरुंद पट्ट्या उरल्या. अशा पट्टीला इथल्या बोलीत ‘श्ट्युक्ले’, म्हणजे छोटासा तुकडा, म्हणतात. तो कुणाच्या उपजीविकेचे साधन नाही, पण सहसा कोणी विकतही नाही. ऑक्टोबरच्या शनिवारी आजोबा लांब काठीने फांद्या हलवतात, नातवंडे गवतातून फळे वेचतात, आणि संध्याकाळी गाडीमागच्या लहान ट्रॉलीत पोती भरून कुटुंब रसाच्या घाण्याकडे निघते.

घाण्यावर दोन प्रकारचे व्यवहार चालतात. काही ठिकाणी स्वतःच्याच फळांचा रस काढून मिळतो. शंभर किलो सफरचंदांतून साधारण साठ ते सत्तर लिटर रस निघतो. तो सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापवून हवाबंद पिशवीत भरला, की साखर वा औषध न घालता वर्षभर टिकतो. दुसरा प्रकार व्यापारी वाचकांना अधिक आपला वाटेल. फळे वजन करून द्यायची आणि त्या वजनाच्या प्रमाणात रस आपल्या नावावर जमा करून घ्यायचा. पुढे वर्षभर लागतील तशा बाटल्या न्यायच्या, त्या वेळी केवळ प्रक्रियेचा खर्च भरायचा. बाटलीची अनामत वेगळी; रिकामी बाटली परत केली की तीही परत मिळते. हे सफरचंदांचे बचत खातेच म्हणावे लागेल. शरदात ठेव ठेवायची आणि उन्हाळ्यात काढायची.

ठेवीची ही वृत्ती या प्रदेशात सुखासुखी रुजलेली नाही. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला. त्याच्या राखेने आणि वायूने आकाश असे झाकोळले, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६ मध्ये व्युर्टेंबर्गमध्ये पीक शेतातच कुजले. धान्याचे भाव कडाडले. गोरगरिबांनी कोंडा आणि गवत मिसळून पाव भाजले. हजारो लोक घरदार सोडून रशिया आणि अमेरिकेच्या वाटेला लागले. ज्या ज्वालामुखीचे नावही इथल्या शेतकऱ्याने ऐकले नव्हते, त्याने त्याच्या घरची चूल विझवली. १८१७ मध्ये पीक हाती आले, तेव्हा धान्याच्या पहिल्या गाड्यांचे गावोगाव घंटानाद करून, मुलांच्या मिरवणुकीने स्वागत झाले.

त्याच संकटकाळात राजा विल्हेल्म पहिला आणि राणी काथारीना गादीवर आले. राणी रशियाच्या झारची बहीण. केवळ अन्नछत्रे उघडून हे दांपत्य थांबले नाही. १८१८ या एकाच वर्षी तीन गोष्टी उभ्या राहिल्या: होहेनहाइम येथील कृषिशिक्षणाची संस्था, कानश्टाट येथील शेतकी उत्सव आणि सामान्य माणसाच्या लहान रकमा स्वीकारणारी बचत पेढी. शेती सुधारावी, पिकाचा आनंद सर्वांनी मिळून साजरा करावा आणि आनंदाच्या दिवसांतच अडचणीच्या दिवसांची तरतूद व्हावी, असा त्यामागचा विचार दिसतो. पुढे जानेवारी १८१९ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, राणीचे निधन झाले. कानश्टाटचा उत्सव आता प्रचंड जत्रा झाला आहे. पाळणे आणि मद्याचे तंबू यांतच बहुतेकांचे लक्ष असते. पण मैदानाच्या मध्यावर फळे आणि धान्यांनी सजवलेला उंच स्तंभ अजून उभारला जातो. तो कशाची आठवण आहे, हे जाणत्यांना ठाऊक असते.

लहान गावात ही आठवण अधिक शांतपणे जपली जाते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पिकाबद्दल कृतज्ञता व्यक्त करतात. वेदीसमोर गव्हाच्या पेंढ्या, भोपळे, द्राक्षे, सफरचंदे आणि पाव मांडले जातात. नंतर ते पुष्कळदा गरजूंकडे पोहोचवले जातात. महिनाअखेर मुलांचा एक वेगळाच सण येतो. १९२४ मध्ये मिलान येथे भरलेल्या बचत पेढ्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ३१ ऑक्टोबर हा जागतिक बचत दिन ठरवला. जर्मनीत तो त्याआधीच्या कामाच्या दिवशी पाळतात. मुले आपली गल्ल्याची डबी घेऊन पेढीत येतात, नाण्यांची मोजदाद होते, रक्कम खात्यात जमा होते आणि मुलाला एखादी छोटीशी भेट मिळते. भारतातील बँकांनाही हा दिवस परिचित आहे. फरक एवढाच, की इथे मूल पेढीच्या खिडकीशी स्वतः उभे राहते आणि आपल्या पैशाची नोंद होताना स्वतः पाहते.

शरदातील दुसरे काम झाडलोटीचे. श्वाबियन लोकांचा झाडू सबंध जर्मनीत विनोदाचा विषय आहे. अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत जिना आणि पदपथ झाडण्याची पाळी आठवड्यागणिक फिरते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. या प्रथेचे मूळ ड्यूक एबरहार्ड याच्या १४९२ च्या स्टुटगार्टमधील आदेशात सांगितले जाते, आणि हा एबरहार्ड १४४५ मध्ये याच उराख गावी जन्मला होता. पानगळीत हे काम नित्याचे होते. घरासमोरच्या ओल्या पानांवरून कोणी घसरले, तर घरमालकाला जाब द्यावा लागू शकतो. हे सारे शनिवारपर्यंत उरकावे लागते. रविवारी पाने उडवण्याचे यंत्र लावणेही चालत नाही, आणि दुकाने तर बंदच असतात. रविवारच्या विश्रांतीला जर्मन संविधानाचेच संरक्षण आहे. या राज्यात एखाद्या गावाला वर्षातून जास्तीत जास्त तीन रविवार दुकाने उघडण्याची परवानगी मिळू शकते. एका दिवसाच्या विक्रीवर पाणी सोडून संपूर्ण बाजारपेठ विसावते, आणि शेजारचा दुकानदारही बंदच असल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

शाकाहारी प्रवाशाला या दिवसांत बाजारात बरेच काही मिळते: सफरचंदे, नासपती, अक्रोड, आलुबुखार आणि तऱ्हेतऱ्हेचे भोपळे. खाणावळीत मात्र विचारूनच मागवावे. भोपळ्याच्या सारातही कांदा किंवा मांसाचा अर्क असू शकतो, आणि पावात कधी कधी चरबी असते. गावाबाहेरच्या रस्त्यावर तर विचारायला माणूसच नसतो. फळीवर भोपळे मांडलेले, शेजारी दराची पाटी आणि पैसे टाकण्याची पेटी. घेणारा मोजून पैसे टाकतो आणि निघून जातो.

या सुखी चित्राला एक काळजीची किनार आहे. बाडन-व्युर्टेंबर्ग राज्यातील अशा विखुरलेल्या फळझाडांची संख्या २००५ च्या सुमारास नव्वद लाखांहून अधिक होती; २०२० च्या सुमारास ती एकाहत्तर लाखांवर आली. रसासाठी विकलेल्या सफरचंदांत वेचण्याची मजुरीही पुष्कळदा सुटत नाही. आजोबांचे वय झाले, मुले स्टुटगार्टच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली. छाटणी झाली नाही की फांद्यांवर बांडगुळे चढतात आणि एखाद्या वादळात झाड कोसळते. २०२१ मध्ये या फळबागांच्या परंपरेची जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पण नोंदीने फांदी छाटली जात नाही. म्हणून फळबाग मंडळे हिवाळ्यात तरुणांना छाटणी शिकवतात. ज्यांना वेचणे जमत नाही, अशा मालकांनी झाडाच्या बुंध्याला पिवळी फीत बांधण्याची चळवळही अनेक जिल्ह्यांत सुरू झाली आहे. फीत असेल त्या झाडाची फळे कोणीही, न विचारता, घरापुरती घ्यावीत. फीत नसलेल्या झाडाखाली फळे कुजत असली तरी त्यांना हात लावू नये. मालकी आणि दान यांतली रेषा वीतभर पिवळ्या कापडाने स्पष्ट होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि काळोख लवकर दारी येतो. नोव्हेंबरमध्ये लोक आप्तांच्या थडग्यांवर देवदाराच्या फांद्या अंथरतात, दिवे लावतात. ११ तारखेला संत मार्टिनचा दिवस. जुन्या काळी हा शेतीच्या वर्षाचा हिशेब मिटवण्याचा दिवस होता: खंड आणि देणी चुकवायची, गड्यांचे वेतन द्यायचे, नवे करार करायचे. दिवाळीला वही बदलणाऱ्या घरांना तो परका वाटू नये. आता त्या संध्याकाळी बालवाडीची मुले स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन गल्ल्यांतून गात फिरतात. थंडीत कुडकुडणाऱ्या याचकाला या मार्टिनने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी कथा त्यांना सांगितलेली असते. त्याने सगळा झगा दिला नाही, अर्धा स्वतःसाठी ठेवला. मिरवणूक संपते, मुले घरी येतात आणि तळघरातून आणलेला यंदाच्या सफरचंदांचा रस त्यांच्यासाठी कोमट केला जातो.