राग ऑफिसचा, निघाला आईवर

तुम्हीही कधी एकाचा राग दुसऱ्यावर काढलाय? मी काढलाय, तोही आईवर.

त्या दिवशी ऑफिसमध्ये माझा लेख तिसऱ्यांदा परत आला. तिथे मान हलवून गप्प बसले. संध्याकाळी सिकंदरपूरला मेट्रो बदलताना साताऱ्याहून आईचा फोन, "काही खाल्लंस का गं?"

"रोज काय तेच तेच विचारतेस!" मी फोन कापला. गुरुग्रामच्या भाड्याच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. (दहा अंक मोजा, खोल श्वास घ्या, हे सगळं मला पाठ आहे. असे लेख मीच लिहिते!)

लहानपणी आईनेच मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांची गोष्ट सांगितली होती. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून बसले आणि धाकटी बहीण बाहेरून विनवत राहिली. एवढ्या ज्ञानियालाही राग यायचा, याचं मला तेव्हा फार बरं वाटायचं. माझ्या दाराबाहेर मात्र विनवायला कोणी नव्हतं.

अर्ध्या तासाने मीच फोन लावला. 'सॉरी' पटकन म्हटलं. "राग तुझ्यावर नव्हता गं, ऑफिसचा होता," हे सांगताना मात्र रडू फुटलं.

"काय झालं ऑफिसात, सगळं सांग," आई म्हणाली. "मीही अजून जेवले नाही. ताट वाढून घे, मग बोलू."