पणजोबांचे पाऊच आणि शिक्क्यातले साल

१/११
जाड सुती विणीची, पितळी टिचबटणाची, मातकट हिरव्या रंगाची एक थैली. सातारा जिल्ह्यातील एका घरात ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत कित्येक वर्षे पडून होती. ‘पणजोबांनी ही इटलीच्या लढाईतून आणली’ ही कथा त्या घरातील प्रत्येक मुलाने ऐकलेली. पणतीला मात्र त्या थैलीत कॅमेऱ्याची लेन्स ठेवायची होती.

२/११
बेत सोपा होता: मागचे पितळी आकडे कापायचे, थैली गरम पाण्यात धुवायची, काळा रंग द्यायचा आणि खांद्याला पट्टा शिवायचा. पण कात्री लावण्यापूर्वी ही वस्तू नेमकी कोणती, हे तरी पाहावे असे तिला वाटले. येथून या थैलीचा खरा इतिहास सुरू होतो.

३/११
काडतुसांची थैली ओळखताना पहिला साक्षीदार म्हणजे आकार, कारण थैली शस्त्राच्या मापाने बेतलेली असते. ब्रिटिशांच्या १९०८ च्या पॅटर्नमध्ये पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच छोटे कप्पे असत. प्रत्येकात पाच काडतुसांच्या तीन क्लिपा, म्हणजे एका सैनिकाजवळ १५० काडतुसे. जर्मन कार८के रायफलीची चामडी थैली तीन कप्प्यांची; दोन थैल्यांत मिळून ६० काडतुसे.

४/११
ट्रंकेतील थैली मात्र एकाच मोठ्या कप्प्याची होती. हे १९३७ च्या पॅटर्नचे लक्षण. तोवर ब्रेन ही हलकी मशीनगन पायदळाच्या तुकडीचा कणा ठरली होती आणि तिची मॅगझिने तुकडीतील सर्वांनी वाटून वाहायची होती. म्हणून छोटे कप्पे गेले आणि छातीच्या खाली दोन मोठी पाऊच आली. पुढे स्टेन गनची लांब मॅगझिने मावावीत म्हणून मार्क ३ हा प्रकार सुमारे एक इंच उंच करण्यात आला.

५/११
दुसरा साक्षीदार शिक्का. तो बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूस सापडतो: निर्मात्याची अक्षरे, साल आणि सरकारी मालकीचा बाण. ‘सी’ अक्षराच्या आत बाण असेल तर माल कॅनडाचा. बाणासोबत ‘आय’ असेल तर भारतातील. युद्धकाळातील भारतीय वीण ब्रिटिश विणीपेक्षा पातळ व सैल असते. नव्या नकलांवरही जुनी साले छापलेली असतात. म्हणून शिक्का, वीण आणि झीज या तिन्हींची साक्ष जुळावी लागते.

६/११
पणतीने झाकण उघडून मोबाइलचा उजेड तिरपा धरला. पुसट अक्षरे हळूहळू उमटली. बाण होता. त्याखाली साल होते: १९५२.

७/११
इटलीतील युद्ध मे १९४५ मध्ये संपले. मराठा लाइट इन्फंट्री तेथे लढली होती. जुलै १९४४ मध्ये वरच्या टायबर खोऱ्यात यशवंत घाडगे यांना वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पणजोबा त्याच आघाडीवर होते, हे ट्रंकेतल्या डिस्चार्जच्या कागदांवरून स्पष्ट होते. पण त्याच कागदांवर सुटकेचे साल १९४६ होते. त्यानंतर सहा वर्षांनी तयार झालेली थैली त्यांनी इटलीहून आणणे शक्यच नव्हते. शिवाय असे साहित्य सरकारी मालकीचे. घरी परतताना ते जमा करावे लागे.

८/११
घरातली कथा खोटी ठरवण्याचे धैर्य तिला दोन दिवस झाले नाही. अखेर तिने थैली आजोबांच्या हाती दिली. त्यांनी तळाशी बोट फिरवले. तेथे तेलाचा काळा, घट्ट डाग होता. “आमच्या अण्णांनी ही बाजारातनं आणली होती गं,” ते म्हणाले. “विहिरीवरच्या इंजिनाचे पाने असायचे हिच्यात. कमरेला लावून जायचे. इटलीचं कुणी जोडलं, कुणास ठाऊक. मला तेच बरं वाटायचं, म्हणून मीही बोललो नाही.”

९/११
स्वातंत्र्यानंतरही भारतीय सेनेत १९३७ चा पॅटर्न अनेक वर्षे चालला. वापरातून बाद झालेला असा माल जुन्या बाजारांत येई आणि शेतकरी, मिस्त्री, सायकलवाले तो घेऊन जात. मजबूत शिलाई आणि पावसापाण्यात टिकणारे कापड त्यांना हवेच असे. म्हणजे जिला आपण ‘नवा उपयोग’ म्हणतो, तो या थैलीला पणजोबांनीच दिला होता. ज्या माणसाने युद्धात अशीच थैली काडतुसांनी भरून वाहिली, त्याने घरी परतल्यावर तीत पाने भरले.

१०/११
अशी वस्तू कुणाच्या हाती आली, तर आधी चारही बाजूंचे आणि शिक्क्याचे फोटो काढावेत. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकावी. गरम पाण्याने कापड आटते, आणि सैनिकांनी चोपडलेला ब्लँको नावाचा रंग धुऊन जातो. तो थरही पुरावाच आहे. पितळेवरचा कळंक घासण्यासाठी पॉलिश वापरू नये. ते विणीत पांढरे साचते. आत जिवंत काडतूस सापडले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. आणि जो बदल करायचा तो पुन्हा काढता येईल असाच करावा.

११/११
पणतीने कात्री परत ठेवली. नमद्याचे एक सुटे अस्तर शिवून ते आत बसवले. आकडे न कापता थैली साध्या पट्ट्यात अडकवली. तेलाचा डाग अस्तराखाली जसाच्या तसा आहे. आता कुणी विचारले की ती इटलीची कथा सांगत नाही. झाकण उलटून १९५२ दाखवते आणि विहिरीवरच्या इंजिनाबद्दल सांगते.