चाळीस अँपिअरचा शॉवर

रेडिंगला आम्ही जुनं घर घेतलं तेव्हा बाथरूममध्ये साडेसात किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर आधीपासूनच होता. इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांत असा शॉवर असतो. त्याला टाकी नसते. भिंतीवरच्या छोट्या पेटीतून जाताजाताच पाणी तापतं. हिवाळा लागला आणि शॉवर सुरू केला की छताच्या दोरीवाल्या स्विचपाशी जळका वास यायला लागला.

तेव्हा साताऱ्याहून बाबा आले होते. वीज मंडळात वायरमन म्हणून त्यांची नोकरी झाली. वास येताच ते म्हणाले, "अगं, दोरीला हात लावू नकोस. आधी खालून एमसीबी बंद कर." स्विच खोलून बघा, असं मी सुचवलं तर त्यांनी साफ नकार दिला. "इथलं लायसन्स असलेला माणूस बोलाव. आपल्याकडेही वायरिंगला लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टरच लागतो. तो नियम धाब्यावर बसवला की काय होतं, ते मी गिझरच्या शॉकनं गेलेल्या माणसांच्या घरी पाहिलंय."

इलेक्ट्रिशियनने स्विच उघडून आम्हाला दाखवला. एका टर्मिनलचा स्क्रू ढिला पडला होता. तिथलं प्लॅस्टिक फुगून तपकिरी झालं होतं आणि लाल वायरचं आवरण बोट लावताच तुकडे होऊन पडत होतं. इथे फेजची वायर लाल असण्याचा काळ २००६ पर्यंतचा, म्हणजे केबल त्याआधीची. मग तो माळ्यावर चढला आणि दुसरा दोष तिथे सापडला. सहा चौरस मिलिमीटरची ती केबल उघड्यावर असेल तर ४७ अँपिअर वाहून नेते. नंतर कधीतरी घर उबदार राहावं म्हणून माळ्यावर लोकरीचा जाड थर अंथरला गेला आणि केबल त्याखाली गाडली गेली. शंभर मिलिमीटरहून जाड थराखाली तिची क्षमता २७ अँपिअरवर येते. आमचा शॉवर ३१ अँपिअर ओढत होता. केबलची उष्णता बाहेर पडायला वावच नव्हता आणि एमसीबीला त्याचा पत्ता लागत नव्हता, कारण एमसीबीला प्रवाह कळतो, लोकर कळत नाही.

त्याआधी एका दुकानात विक्रेत्याने आम्हाला सांगितलं होतं, मोठा शॉवर घ्या, आहे त्याच वायरीवर बसेल. हा सल्ला किती घातक होता, ते त्या माळ्यावर कळलं.

नवा शॉवर साडेनऊ किलोवॉटचा घेतला. थंडीत नळाचं पाणी तीस अंशांनी तापवायचं तर त्यातून मिनिटाला जेमतेम साडेचार लिटर मिळतं, तरीही तो सुमारे ४० अँपिअर ओढतो. साताऱ्याच्या घरातला तीन किलोवॉटचा गिझर १३ अँपिअर घेतो, म्हणजे हा त्याच्या तिप्पट. म्हणून त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र सर्किट आणि दहा चौरस मिलिमीटरची केबल. ती केबलसुद्धा जाड लोकरीखाली गेली असती तर ३६ अँपिअरलाच थकली असती, म्हणून इलेक्ट्रिशियनने ती लोकरीच्या वरून, लाकडाला क्लिपा मारत उघडी नेली. सोबत फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोरीचा स्विच आणि ३० मिलिअँपिअरची आरसीडी. ओल्या अंगाच्या माणसातून वीज जमिनीत उतरू लागली तर ही आरसीडी क्षणार्धात पुरवठा तोडते. मेन फ्यूज एवढा भार पेलेल का, हेही त्याने आधी तपासलं.

काम संपल्यावर चाचण्या झाल्या आणि बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक आकडा वाचत होते. अर्थिंगची वायर शॉवरपर्यंत अखंड आहे का, ५०० व्होल्ट लावून इन्सुलेशन कुठे गळतंय का, फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालीय का, अर्थ फॉल्ट झाला तर एमसीबी वेळेत पडेल का. आरसीडी ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवी, आमची त्याच्या कितीतरी आधी पडली. "अर्थिंग चोख आहे," बाबा म्हणाले, आणि मला धीर आला.

इंग्लंडमध्ये घरातल्या वायरिंगला बांधकाम नियमांचा 'पार्ट पी' २००५ पासून लागू आहे. नवीन सर्किट टाकलं की ते कळवावंच लागतं. घरमालकाने स्वतः काम करायलाही बंदी नाही, पण मग आधी स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवायचं, फी भरायची आणि तपासणी करून घ्यायची. एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या संस्थेत नोंदणी असलेला इलेक्ट्रिशियन स्वतःच्या कामाची ग्वाही स्वतः देऊ शकतो. आम्ही हाच मार्ग धरला. चाचण्यांच्या आकड्यांसह इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट मिळालं आणि पुढे नियमपालनाचं प्रमाणपत्रही आलं. घर विकताना वकील ते मागतात, पण माझ्या लेखी त्या आकड्यांचं मोल जास्त आहे.

इकडे घर घेणाऱ्या आपल्या माणसांना मी आता कळकळीने सांगते. ओळखीतला कोणी रोख पैशांत, बिनकागदाचं काम करून देतो म्हणाला तर नको म्हणा. शॉवर बदलण्याआधी केबल किती जाडीची आहे आणि ती कुठून गेलीय, हे बघायला लावा. इलेक्ट्रिशियनची नोंदणी स्वतः तपासा आणि चाचण्यांचा कागद हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. भिंतीआडची वायर आपल्याला दिसत नाही. ती जाणकाराने मोजलेली असली तरच त्या पाण्याखाली लेकरांना निर्धास्त उभं करता येतं.