क्वालालंपूरमध्ये दुचाकी: नवी की जुनी?

आपल्याकडची बरीच तरुण मुले हल्ली आखातात न जाता मलेशियाला नोकरीसाठी जातात. क्वालालंपूरला लोकल गाडी आहे, मोनोरेल आहे, बस आहे. पण स्टेशनापासून बिऱ्हाडापर्यंतचा शेवटचा टप्पा ज्याचा त्याला गाठावा लागतो. त्यात दुपारी तीन-चारला आभाळ भरून येते आणि थेट कोकणातल्यासारखा पाऊस कोसळतो. मग घरी फोनवर दुचाकीचा विषय निघतो.

छोट्या दुचाकीला तिथे ‘कापचाय’ म्हणतात. होंडाची ईएक्स 5 ही त्यातली सर्वांच्या ओळखीची. भाजीवाल्यापासून मशिदीच्या खादिमापर्यंत सगळे तिच्यावर. जुम्याला मशिदीबाहेर या गाड्यांच्या रांगाच रांगा. ऊन-वारा छातीला लागू नये म्हणून चालवणारे जाकीट उलटे, म्हणजे बटणे पाठीकडे करून घालतात. नव्या माणसाला हसू येते, महिन्याभरात तोही तसेच घालू लागतो. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. फेडरल हायवेवर तर दुचाकींसाठी 1970 च्या दशकापासून वेगळी वाट आहे. पाऊस आला की पुलाखाली सगळे थांबतात, ओळखपाळख नसताना गप्पा होतात.

आता हिशेब. नवी ईएक्स 5 साधारण 5000 रिंगिटच्या घरात जाते. 150 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा वार्षिक रस्ताकर फक्त 2 रिंगिट, बहुतेक महामार्गांवर टोल नाही. म्हणजे वापरण्याचा खर्च नवीला काय, जुनीला काय, फारसा वेगळा नाही. फरक पडतो तो परत येताना. कामाचा परवाना दोन वर्षांचा असेल आणि पुढे वाढेलच याची खात्री नसेल, तर निघताना दोन-तीन आठवड्यांत गाडी विकावी लागते, आणि घाईत विकणाऱ्याला कोणी पूर्ण भाव देत नाही. अशा मुलाने तीन-चार वर्षे वापरलेली रोखीने घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बायकोमुलांना घेऊन राहणाऱ्याने नवी घेतली तर हरकत नाही. हप्त्यावर घ्यायची तर व्याजाचा प्रश्न येतो. मलेशियात बिनव्याजी पद्धतीची बँक इस्लाम 1983 पासून आहे. पण हप्ता तो हप्ताच, आणि घरी पाठवायच्या पैशांतूनच तो जातो.

जुनी घेताना इंजिनपेक्षा कागद आधी पाहावा. नोंदणीच्या दाखल्याला तिथे ‘गेरान’ म्हणतात. त्यावर बँकेच्या हक्काची नोंद असेल, तर गाडी विकणाऱ्याची नाहीच. ‘सांबुंग बायार’ म्हणजे माझे उरलेले हप्ते तू भर, गाडी तुझी, असे सांगणारे भेटतात. भाव स्वस्त असतो, पण गाडी त्याच्याच नावावर राहते आणि हप्ता चुकला की बँक ती उचलून नेते. इंजिन व चासीचा नंबर दाखल्याशी जुळवावा. मग दोघांनी मिळून वाहतूक खात्याच्या कचेरीत अंगठ्याचे ठसे द्यावेत, नाव बदलले की पैसे हातात. आपला भारतीय परवाना तिथे कायम चालत नाही, तेव्हा परवान्याची आणि विम्याची चौकशी गाडी बघण्याआधीच करावी.

वाचलेल्या पैशांत दोन चांगली हेल्मेट घ्यावीत, मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. रेनकोट मात्र नवाच घ्यावा.