जामीन झाला, सुटका नाही

विधी महाविद्यालयात मानवी हक्क शिकवताना आम्ही १९४८च्या जाहीरनाम्यापासून सुरुवात करतो आणि घटनेच्या एकविसाव्या कलमापाशी येऊन थांबतो. परीक्षेला तेवढं पुरतं. पण हक्क नेमका कुठे अडकतो हे कळायला कारागृहाच्या मुलाखत कक्षात बसावं लागतं. आमच्या लीगल एड क्लिनिकचे विद्यार्थी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलांबरोबर तिथे बसतात. जाण्यापूर्वी त्यांना दोन गोष्टी बजावलेल्या असतात. ‘गुन्हा केला का?’ असं विचारायचं नाही आणि ‘सोडवतो’ असा शब्द द्यायचा नाही.

समोर पंचविशीतला एक बिगारी कामगार, मोबाइल चोरीच्या गुन्ह्यात आलेला. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारलं, “दादा, वकील आहे का तुम्हाला?” “आहे म्हणतात.” नाव विचारलं तर सांगता येईना. मग तिने प्रश्न बदलला. “मागच्या तारखेला तुमच्या बाजूने कोण बोललं?” “कुणीच नाही, ताई. व्हिडिओवर साहेब दिसले, पुढची तारीख पडली.” जामिनाचं काय, तर म्हणाला, “नाही झाला. झाला असता तर इथे कशाला असतो?”

संध्याकाळी तिने ई-कोर्टच्या संकेतस्थळावरून आदेश काढला. जामीन मंजूर होऊन चार महिने उलटले होते. विधी सेवेतून नेमलेल्या वकिलाने अर्ज केला, न्यायालयाने तो मान्यही केला. फक्त आत बसलेल्याला कुणी सांगितलं नव्हतं. अट होती पंधरा हजारांच्या एका जामीनदाराची. गाव मराठवाड्यात, शहरात ओळखीचा एक मुकादम, तोही काम संपवून दुसरीकडे गेलेला. जामीनदार म्हटला की ऐपतीचा दाखला आला, सातबारा किंवा घरपट्टीची पावती आली, रेशनकार्ड आलं, आणि तो माणूस शक्यतो इथलाच असावा ही अपेक्षा आली.

यावर कायदा गप्प आहे असं मुळीच नाही. १९७८च्या मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर एका गवंड्याचं असंच प्रकरण आलं होतं. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि जामीनदार उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या. याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३च्या निर्देशांत तर स्पष्ट म्हटलं आहे की, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहूनही करू शकतं. माझ्या विद्यार्थिनीने याच आधारावर दोन पानांचा अर्ज लिहिला, वकिलांनी तो दाखल केला आणि तो तरुण वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटला. मोतीरामचा निवाडा तिने पहिल्या वर्षीच वाचला होता. तो वापरायचा कसा, हे तिला त्या दोन पानांनी शिकवलं.

हा तरुण एकटा नव्हता. देशातल्या कारागृहांत २०२२च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते, त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार, यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याची मुक्तता व्हायला हवी. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असलेले लोक यातून वगळले आहेत. तेव्हा अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, दुसरा गुन्हा आहे की नाही, हे एकेका बंद्यापुढे लिहून हिशेब करावा लागतो. काम कंटाळवाणं आहे. विद्यार्थ्यांनी ते करावं असं मला वाटतं, कारण यातली एक तारीख चुकली की एका माणसाचे महिने वाया जातात.

महाविद्यालयातल्या माणसांनी तुरुंगात जाऊन केलेल्या कामाचा मुंबईत मोठा दाखला आहे. पत्रकार शीला बारसे यांनी पोलीस कोठडीतल्या स्त्रियांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तेव्हा न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना तुरुंगात जाऊन स्त्री बंद्यांशी बोलायला सांगितलं. त्यांच्या अहवालानंतर १९८३चा निवाडा आला: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, पहारा स्त्री पोलिसांचा, अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर. एका शिक्षिकेने नीट ऐकून नीट लिहिलं, त्याचा एवढा उपयोग झाला.

वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशी शिकतो, तसा वकील का शिकत नाही, असा प्रश्न कायदेतज्ज्ञ जेरोम फ्रँक यांनी अमेरिकेत १९३३ सालीच विचारला होता. तिथे आज विद्यार्थी देखरेखीखाली न्यायालयात उभे राहतात. आपल्याकडे विद्यार्थ्याला ते करता येत नाही, आणि पूर्णवेळ पगारी प्राध्यापकालाही वकिली करता येत नाही. म्हणून आमचं क्लिनिक पॅनेलवरच्या वकिलावाचून एक पाऊल पुढे सरकत नाही. शिवाय परीक्षा आली की विद्यार्थी पांगतात, बंदी मात्र तिथेच असतो. म्हणून आमच्याकडे गुण अहवालाला नसतात, फाइलला असतात: ती पुढच्या तुकडीच्या हाती अशी द्यायची की नव्या माणसाला पहिल्या पानावर पुढची तारीख आणि उरलेलं काम दिसावं.

प्रत्येक विधी महाविद्यालयात लीगल एड क्लिनिक असावं, हा बार कौन्सिलचा नियम २००८पासून आहे. अनेक ठिकाणी मात्र ते दारावरच्या पाटीपुरतं उरतं, आणि ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाला एखादं शिबिर, बॅनर, फोटो होतो. प्राचार्यांना माझी विनंती आहे की, क्लिनिकच्या कामाला श्रेयांक द्या आणि ते सांभाळणाऱ्या शिक्षकाचे तास वेळापत्रकात धरा. आणि हा लेख वाचणाऱ्या वकील मित्रांनो, तुमच्या शहरातल्या विधी महाविद्यालयाला फोन करा आणि महिन्यातून एक फाइल मागून घ्या. कोर्टात उभं राहायला आम्हाला तुम्ही हवे आहात.