अँटेना जिकडे, दूरदर्शन तिकडे

आमचं दूरदर्शन आणि मामेभावाचं दूरदर्शन एक नव्हतं, हे मला १९८५च्या उन्हाळ्यात कळलं. डोंबिवलीहून सुट्टीला मराठवाड्यातल्या आजोळी गेले होते. मामाकडे नुकताच टीव्ही आला होता. गुरुवार होता, म्हणून मी संध्याकाळपासून 'छायागीत'ची वाट बघत बसले. मामेभाऊ म्हणाला, 'ते काय असतं?' त्याला 'छायागीत' माहीत नव्हतं, 'गजरा' नाही, 'किलबिल' तर नाहीच. त्याची गाणी बुधवारी, 'चित्रहार'मध्ये. बातम्या हिंदी-इंग्रजी. आणि 'कृषिदर्शन' मात्र त्यानं कोळून प्यायलं होतं.

आज 'दूरदर्शनचा जमाना' म्हटलं की सगळे एका सुरात माना डोलावतात. जणू काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी पोरं एकच कार्यक्रम बघत मोठी झाली. तसं नव्हतं. कोणाच्या वाट्याला कोणतं दूरदर्शन येणार, हे घराजवळ कोणता मनोरा उभा आहे त्यावर ठरायचं.

मुंबई दूरदर्शन वरळीहून सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आलं आणि पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. त्यानंतर कितीतरी वर्षं मराठी टीव्ही म्हणजे मुंबई, पुणे आणि आसपासचा मुलूख. १९८२मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, एशियाडच्या निमित्तानं रंग आले, १९८३मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला. १९८४च्या उत्तरार्धात तर देशात जवळजवळ रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. यातली बहुतेक केंद्रं लघुशक्तीची. त्यांना स्वतःचा स्टुडिओ नव्हता. दिल्लीहून उपग्रहामार्गे जे येईल ते पकडायचं आणि गावाभोवतीच्या टापूत पसरवायचं, एवढंच त्यांचं काम.

परिणाम गमतीदार झाला. 'आमची माती आमची माणसं' हा खास शेतकऱ्यांसाठी केलेला मराठी कार्यक्रम डोंबिवलीच्या चाळीतली पोरं तोंड वाकडं करून बघत होती, आणि तुरीवर कोणती फवारणी करायची हे ज्याला खरोखर हवं होतं तो माझा मामा हिंदीतून उत्तरेकडच्या गव्हाची माहिती ऐकत होता. पुढे मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून राज्यभर जाऊ लागले, तेव्हा कुठे ही उलटापालट मिटली.

चाळीतला पहिला टीव्ही शेवटच्या खोलीतल्या काकूंकडे आला. लाकडी खोका, त्याला दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं आणि दारांना चक्क कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेला. टीव्हीसाठी परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरायची, हे आता सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो परवाना रद्द झाला. संध्याकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग, आत जमिनीवर पोरं, मागे कॉटवर बायका आणि दारात उभे राहून 'मी काही बघत नाहीये' असा चेहरा केलेले पुरुष. चित्र हललं की एक जण कौलांवर चढायचा. वरून 'आलं का?' खालून 'मुंग्या!' पुन्हा 'आता?' 'आलं आलं... गेलं!' कावळा अँटेनावर बसला की हे सगळं पहिल्यापासून. पडद्यापुढे निळसर प्लॅस्टिकची काच लावली की कृष्णधवल चित्राला रंगीत म्हणायची मुभा मिळायची.

या खोक्यातून मुंबई केंद्र जे देत होतं, ते तुटपुंज्या साधनांत केलेलं होतं; पण करणारी माणसं साधी नव्हती. विनायक चासकरांचा 'गजरा' म्हणजे छोट्या नाट्यप्रवेशांची गुंफण. रंगभूमीवरचे कलावंत त्यात हजेरी लावायचे. 'ज्ञानदीप' हा आकाशानंदांचा कार्यक्रम. तो बघून महाराष्ट्रात ठिकठिकाणी प्रेक्षकांनी ज्ञानदीप मंडळं काढली. कार्यक्रम बघणाऱ्यांनी उठून आपल्या गल्लीत काही काम करावं, ही कल्पना त्या काळी प्रत्यक्षात उतरली होती. सुहासिनी मुळगावकरांच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'त लेखक-कलावंत निवांत बोलायचे. मुलांना त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण उठून जायची सोय नव्हती. दुसरी वाहिनीच नव्हती, त्यामुळे कानावर पडेल ते पडायचं.

मुंबई शहर बहुभाषक, म्हणून केंद्रही तसंच. गुजराती मुलांसाठी 'संताकूकडी' लागायचं आणि आम्ही तेही बघायचो. चाळीतल्या मराठी पोरांना जे थोडंफार गुजराती येतं, त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हाही मुंबईचाच.

आणि 'चिमणराव'. चिं. वि. जोशींनी स्वातंत्र्यापूर्वीच कागदावर उभा केलेला हा भित्रा, सज्जन कारकून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं घरात आला. सोबत बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. जोडी इतकी गाजली की १९७९मध्ये त्यांचा चित्रपटही निघाला. प्रभावळकरांनी पुढे किती वेगवेगळ्या भूमिका केल्या, पण आमच्या आईच्या पिढीसाठी ते कायम चिमणरावच राहिले. चाळीत कोणी घाबरून बोलू लागला की 'काय रे चिमणराव' हे ठरलेलं.

बातम्या म्हणजे वेगळाच दरारा. प्रदीप भिडे १९७४मध्ये केंद्रात आले आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्राला बातम्या त्यांच्याच आवाजात खऱ्या वाटत राहिल्या. अनंत भावे बातम्या वाचायचे आणि आमच्यासाठी कविताही लिहायचे, हे शाळेच्या ग्रंथालयात त्यांचं पुस्तक हातात आल्यावर कळलं. भक्ती बर्वे, स्मिता पाटील यासुद्धा इथल्याच वृत्तनिवेदिका. जीन्सवर साडी गुंडाळून स्मिता पाटील कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. श्याम बेनेगलांनी त्यांना आधी टीव्हीवर बातम्या वाचताना पाहिलं आणि मग चित्रपटात घेतलं, हेही.

१९८४मध्ये चित्र बदललं. ७ जुलैला 'हम लोग' सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचा काळ आला. 'ये जो है जिंदगी' विकोनं प्रायोजित केली होती. विकोचा कारखाना डोंबिवलीत, त्यामुळे जाहिरात लागली की आमच्या चाळीत उगाचच घरचं कार्य असल्यासारखा उत्साह. मग 'नुक्कड', 'बुनियाद', 'मालगुडी डेज'. १९८८मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली 'वागले की दुनिया'. हिंदी बोलणारा हा वागळे आमच्या चाळीतल्या कोणत्याही खोलीतून बाहेर पडला असता तरी कोणी वळून पाहिलं नसतं. 'रामायण' आणि 'महाभारत' लागले की रस्ते ओस पडायचे, हे इतक्या वेळा लिहून झालंय की पुन्हा सांगायला नको.

मराठीतही 'श्वेतांबरा' आली, 'गोट्या' आली. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकातला गोट्या राजदत्तांनी पडद्यावर आणला आणि जॉय घाणेकर हा मुलगा आमच्या सगळ्यांच्या आयांना स्वतःच्या मुलापेक्षा शहाणा वाटू लागला. 'एक शून्य शून्य' मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर बेतलेली. त्यातले शिवाजी साटम पुढे 'सीआयडी'मुळे देशभर पोचले.

सगळं सोन्यासारखं होतं का? मुळीच नाही. हे आम्ही जुनी माणसं सोयीनं विसरतो. रटाळ माहितीपट असायचे. फीत कापतानाचे मंत्री असायचे. बरोबर रंगात आल्यावर 'व्यत्यय' अशी पाटी यायची. शनिवारचा मराठी चित्रपट मध्येच थांबवून बातम्या लागायच्या. मोठा नेता गेला की दिवसच्या दिवस फक्त करुण वाद्यसंगीत, आणि रविवारचा हिंदी चित्रपट रद्द. देशाचं दुःख समजायचं वय नव्हतं, चित्रपट बुडाल्याचं तेवढं समजायचं. शिवाय हे सरकारचं माध्यम होतं. फेब्रुवारी १९७७मध्ये दिल्लीत विरोधकांच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून टीव्हीवर 'बॉबी' दाखवला गेला, ही गोष्ट राजकारणाच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

खाजगी वाहिन्या आल्या तेव्हा आमच्याच घरांनी सगळ्यात आधी केबल जोडून घेतली. दूरदर्शनसाठी कोणी रडत बसलं नाही. आठवण काढायला सुरुवात झाली ती बरीच नंतर.

२०२०च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लागलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असा दूरदर्शनचा दावा होता. आमच्या घरी आई, मी आणि माझी भाची अशा तीन पिढ्या टीव्हीसमोर. समोरासमोर सुटलेले दोन बाण आकाशात सावकाश एकमेकांकडे निघाले. भाचीनं विचारलं, 'पुढे ढकलता येत नाही का?' आई म्हणाली, 'अगं थांब, पोचतील.' पोचले. दोघींनीही आपापल्या परीनं उसासा टाकला.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पुन्हा दाखवायला 'रामायण' होतं, 'महाभारत' होतं, 'ब्योमकेश बक्षी' होता. बाहेरच्या निर्मात्यांनी केलेल्या या मोठ्या मालिका जपल्या गेल्या. केंद्रांनी आपापल्या स्टुडिओत रोजच्या रोज केलेल्या कार्यक्रमांचं तसं झालं नाही. चित्रफीत महाग असायची, म्हणून एक कार्यक्रम झाला की त्याच फितीवर दुसरा. मुंबई केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांतलं बरंच काम असं पुसलं गेलं. काही तर थेट प्रक्षेपित झालं आणि हवेतच विरलं. म्हणून आज 'लहानपणचा टीव्ही' म्हटलं की माझ्या डोंबिवलीतल्या वर्गमैत्रिणींनाही आधी दिल्लीच्या राष्ट्रीय मालिका आठवतात. लहानपणी आम्ही काय बघायचं ते अँटेनानं ठरवलं, आणि मोठेपणी काय आठवायचं ते कपाटात उरलेल्या फितींनी.

मामेभावाला मी मध्यंतरी सह्याद्री वाहिनीच्या यूट्यूबवरचे जुन्या काळचे काही मराठी कार्यक्रम पाठवले. त्यानं ते पहिल्यांदाच पाहिले. 'तुमच्याकडे बरं होतं की,' एवढंच म्हणाला, आणि मग 'कृषिदर्शन'ची सुरुवातीची धून तोंडानं वाजवून पाठवली. त्याच्या आठवणी त्याच्या. त्यात 'गजरा' नाही म्हणून त्याचं बालपण उणं नाही, आणि माझ्या आठवणी वरळीच्या म्हणून जास्त मराठीही ठरत नाहीत.

पण जे पुसलं गेलंय त्याची नोंद तरी राहायला हवी. त्या स्टुडिओत प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, संकलन सांभाळणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि तुमच्या-माझ्या इमारतींतच राहतात. कोणाच्या माळ्यावर त्या काळी घरी ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट असेल, कोणाकडे व्हिडिओ कॅसेट, कोणाकडे ज्ञानदीप मंडळाचं इतिवृत्त, कोणाकडे कार्यक्रमाला पाठवलेल्या पत्राला आलेलं उत्तर. रद्दीत घालण्याआधी त्याचे फोटो काढा, फिती संगणकावर उतरवून घ्या, त्या माणसांना बोलतं करून फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि तारीख, वर्ष, नाव लिहून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवालच, तेव्हा एवढं काम त्यात धरा.